पिपरडोहचे रोडगे

पिपरडोहच्या तलावात पाणी किती आहे, हे शालिकराम भोयरांना बावीस वर्षं माहीत होतं. पावसाळ्यात रोज आणि एरवी सोमवारी-गुरुवारी, ऑफिस उघडता उघडता त्यांच्या टेबलावरचा फोन वाजायचा. पलीकडून तलावाचा चौकीदार नत्थूजी पाण्याच्या पट्टीवरचा आकडा सांगायचा आणि भोयरबाबू तो रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायचे. तो तलाव मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. नत्थूजीलाही नाही.

यात नवल काही नाही. सरकारी कामात पाहणारे वेगळे आणि लिहिणारे वेगळे असतात. तलावावर साहेब लोक जीपने जात. जीपमध्ये साहेब, साहेबांचा पाहुणा आणि येताना भरून आणायचा मासळीचा डबा एवढे बसले की लिपिकाला जागा उरत नसे. भोयरबाबूंनी एकदा रीतसर अर्ज केला होता. तो आठ महिन्यांनी परत आला, त्यावर लाल शाईत विचारलं होतं, ‘प्रयोजन?’ भोयरबाबूंनी चार दिवस विचार केला, पण लिहिण्यासारखं प्रयोजन सापडलं नाही, म्हणून अर्ज फायलीला लावून टाकला.

खरी गोष्ट अशी होती की नत्थूजी आकडा सांगून थांबत नसे. “लिवा बाबूसाहेब, एकोणचाळीस पॉइंट चार,” म्हणायचा आणि मग आवाज खाली आणून सांगायचा, “सकायी हंस उतरले. डोक्यावर दोन काये पट्टे हायेत पाहा, तेच. पायाखालून पाणी वाजते त्याईच्या.” पुस्तकात ज्याला पट्टकदंब म्हणतात तो हा काळ्या पट्ट्यांचा पक्षी. हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात तो पिपरडोहला येतो आणि भोयरबाबू ऑफिसातल्या पंख्याखाली बसून तो आल्याचं ऐकतात, असा क्रम वर्षानुवर्षं चालला. रजिस्टरमध्ये हंसांसाठी रकाना नव्हता. भोयरबाबू शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलनं बारीक लिहायचे, ‘हंस आले.’ तपासणी जवळ आली की स्वतःच खोडायचे.

मग भोयरबाबू निवृत्त झाले, नत्थूजीही झाला, आणि पट्टीजवळ एक यंत्र बसलं. ते आकडा बरोबर कळवतं असं म्हणतात. हंसांबद्दल काही कळवत नाही.

यंदाच्या पौषात, संक्रांतीला आठ दिवस असताना, नत्थूजीचा फोन आला. “बाबूसाहेब, पोरगा म्हनते आता एकटे नोका राहू. संक्रांत झाली का बल्लारशाले चाललो मी. कायमचा. हंस या वर्साले भल्ले आले. येता का एखांद्या दिशी?”

भोयरबाबू “येतो” म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बावीस वर्षांत हा शब्द आपण त्याला पहिल्यांदाच म्हणालो. संक्रांतीआधी एकच रविवार उरला होता.

“रविवारी पिपरडोहले जाऊन येतो,” त्यांनी बायकोला, वंदनाताईंना, भाजी निवडता निवडता सांगितलं.

“काहून?”

“नत्थूजीले भेटाले. अन् तलाव पाहाले.”

“तलाव तर आपल्या नागपुरात गांधीसागर बी हाय. आटो करा अन् पाहून या.”

“तिथे हंस नाही ना येत.”

वंदनाताईंनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. “बीपीची गोळी घेतली होती का सकाळी?” एवढंच विचारलं.

भोयरबाबूंचा बेत अगदी साधा होता. सकाळच्या बसनं जायचं, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नत्थूजीजवळ बसायचं, हंस पाहायचे, संध्याकाळी परत. सोबत पोळी-भाजीचा डबा. पण तलाव आता संरक्षित पाणथळ जागा झाला होता आणि त्याची एक संवर्धन समिती होती. समितीची वेबसाइट होती आणि वेबसाइटवर पास काढल्याशिवाय पाळीवर चढता येत नव्हतं. भोयरबाबू चष्मा सावरून मोबाइलसमोर बसले. नाव, वय, आधार हे सगळं सुरळीत झालं आणि पुढे रकाना आला, ‘भेटीचे प्रयोजन’.

आयुष्यात काही प्रश्न माणसाचा पिच्छा सोडत नाहीत.

या वेळी उत्तरं मात्र तयार दिली होती. संशोधनाला विद्यापीठाचं पत्र लागत होतं, शैक्षणिक सहलीला मुख्याध्यापकांचं. छायाचित्रणाला कॅमेऱ्याचा नंबर हवा होता. ‘इतर’वर बोट ठेवलं की पान पहिल्यापासून सुरू व्हायचं. तीनदा आधार नंबर भरून झाल्यावर भोयरबाबू उठले आणि समितीच्या ऑफिसात गेले. ते रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वर होतं. खिडकीमागे एक तरुण लिपिक बसला होता.

“काय करायचं आहे तिथे?” त्यानं विचारलं.

“बसायचं आहे.”

“बसून?”

“पाहायचं आहे.”

“बरं. पाहून?”

भोयरबाबूंना अपमान झाल्यासारखं वाटलं. एकतीस वर्षं ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते आणि हा आवाज त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. “माणसाला भेटायचं आहे,” ते म्हणाले.

“माणसाला भेटायला पास नसते काका. तो पाळीखाली उतरला की भेटून घ्या.” मग त्याला दया आली असावी. “धार्मिक विधी टाका. पाळीवर मारोती आहे, त्याच्यासाठी सोय ठेवली आहे. पाच नावं लागतात फक्त. आलेच पाहिजेत असं नाही.”

भोयरबाबूंनी आयुष्यभर खोटी नोंद केली नव्हती. हंसांची केली होती ती पेन्सिलनं केली होती आणि ती खरीच होती. पण रविवार चार दिवसांवर आला होता. त्यांनी स्वतःचं, वंदनाताईंचं, पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीचं, मिनलचं, आणि शेजारच्या इंदूबाई आणि धर्मेंद्र या मायलेकांचं अशी पाच नावं दिली. पास मोबाइलवर आला. तो छापून आणायचा होता आणि मानेवाड्याच्या त्यांच्या कॉलनीत प्रिंटर एकट्या धर्मेंद्रकडे होता.

इथून पुढे जे झालं त्यात भोयरबाबूंचा दोष फक्त एवढाच, की प्रिंटरमधून कागद निघताच त्यांनी तो उलटा केला नाही.

धर्मेंद्र हिंगण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होता आणि छापून निघालेला कोणताही कागद वाचणं हे तो आपलं कर्तव्य समजत असे. “भेटीचे प्रयोजन, धार्मिक विधी. स्थळ, पिपरडोह पाळीवरील मारोती,” त्यानं मोठ्यानं वाचलं आणि आत हाक मारली, “आई, भोयरकाकांकडे नवस हाय वं. तुयं माह्यं नाव बी हाय पासावर.”

इंदूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पौष महिना, तलावाची पाळ, मारोती. याचा अर्थ आमच्याकडे लहान लेकरू सांगेल. नवसाचे रोडगे. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, वांग्याच्या भाजीशी खायचे, आणि हे सगळं देवाच्या दारी उघड्यावर. नागपूरचा माणूस पौषात तलावावर जातो तो याच कामाला. नुसतंच पाणी पाहायला कुणी जातं, ही गोष्ट इंदूबाईंच्या एकाहत्तर वर्षांत घडलेली नव्हती.

“भाऊ,” त्या भोयरबाबूंना म्हणाल्या, “नवसाचे रोडगे असे लपून नाही करत. देव रागावते.”

“नवस नाही हो इंदूबाई. मी एका माणसाले...”

“मिनलच्या लग्नाचा हाय ना? लपवून कायले राहिले? जुयलं कुठं?”

संध्याकाळपर्यंत कॉलनीत मिनलचं लग्न जुळलं होतं. रात्री आठपर्यंत मुलगा इंजिनियर असल्याचंही ठरलं. नवसाच्या जेवणाला बोलावणं लागत नाही, तिथं येऊ नका म्हणण्याची पद्धत नाही, आणि दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र सांगत आला की कंपनीची बस रविवारी रिकामी असते, साहेबांना विचारलं आहे, अडतीस सीट. भोयरबाबूंनी त्याला नवस नसल्याचं पुन्हा समजावलं. “समजलं काका,” धर्मेंद्र म्हणाला, “आपण कोणाले सांगत नाही.”

भोयरबाबू तावातावानं घरात आले. “वंदना, सगळं रद्द. मी एकटा शनिवारीच जातो. सांगून टाक त्यांना, नवस-बिवस काही नाही.”

वंदनाताई वांगी मोजत होत्या. मोजता मोजता थांबल्या. “हाय पण,” त्या म्हणाल्या.

“काय हाय?”

“नवस. मी बोलली होती. दोन वर्सं झाले.” त्या वांग्यांकडेच पाहत होत्या. “लग्नाचा नाही. मिनलची बदली नागपूरले होऊ दे म्हणून. आपल्या चौकातल्या मारोतीले बोलली, पण मारोती तर सगळे एकच ना.”

“बदली कुठे झाली?”

“नाही झाली. म्हणून म्हणते, आधी फेडून टाकू. त्याले बी बरं वाटंल.”

देवाला असा आगाऊ हप्ता भरता येतो की नाही, हे भोयरबाबूंना माहीत नव्हतं. पण लेकीची खोली रोज झाडणारी बाई दोन वर्षं एक गोष्ट मनात ठेवून होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मिनल गेल्यापासून संध्याकाळी घरात टीव्ही कुणी पाहत नसलं तरी चालू असे. त्यांनी पिशवीतून दुर्बीण काढली, पुसली, आणि तिच्या जागी किलोभर तूप ठेवलं. मग दुर्बीणही ठेवलीच.

रविवारी बस दीड तास उशिरा आली. ड्रायव्हर सवयीनं आधी हिंगणा रोडला लागला होता आणि सवयीनंच एका चौकात थांबलाही होता. तिथं रविवारच्या जादा ड्यूटीवर निघालेले दोन कामगार रोजच्याप्रमाणे चढले आणि रोजच्याप्रमाणे झोपले. त्यांना जाग आली तेव्हा बस उमरेड रोडला लागून बराच वेळ झाला होता आणि बायका मारोतीची आरती म्हणत होत्या. त्यांनी थोडी चौकशी केली, रोडगे आहेत हे ऐकलं आणि आजचा खाडा मान्य केला.

भोयरबाबू खिडकीशी बसून होते. मांडीवर वांग्यांची टोपली, पायाशी गोवऱ्यांचं पोतं. धर्मेंद्रनं पेटीएवढा स्पीकर आणला होता. भोयरबाबूंनी त्याला तीनदा विनवलं की तिथं शांतता पाळायची असते, पक्षी बुजतात. “भजनच लावू काका,” धर्मेंद्र म्हणाला, “देवाचं ऐकून कोणता पक्षी पळते?”

फाटकाशी भावना नावाची खाकी कपड्यातली वनरक्षक उभी होती. तिनं पास पाहिला, मग बस पाहिली. “पाच नावं हायेत.”

“विधीवाले पाचच हाय बाई,” इंदूबाई पुढे झाल्या. “बाकीचे पाहुणे होय. नवसाचे पाहुणे मोजत नसतात.”

भावनानं बराच विचार करून निवाडा दिला. पाळीवर पाचच चढतील, मारोतीला नैवेद्य दाखवून उतरतील. चूल फाटकाबाहेर आमराईत. स्पीकर बंद. तिचा निवाडा नि:संशय योग्य होता, पण तो पूर्ण ऐकायला धर्मेंद्र थांबला नव्हता. त्यानं आमराईत स्पीकर उतरवून चालतो की नाही ते तपासलं.

भोयरबाबू तेव्हा पाळीच्या पायऱ्या चढत होते. वर पोचायला चार पायऱ्या उरल्या असताना मागून ढोलकीचा दणका झाला आणि समोरून हजार चादरी एकदम झटकल्यासारखा आवाज आला. ते धापा टाकत वर पोचले. पाणी होतं, लांबवर पसरलेलं, निळसर. पाण्यावर लाटांची वर्तुळं होती. आणि आकाशात, पार पलीकडच्या काठावर, करड्या ठिपक्यांची एक ओळ दूर जात होती. दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत तीही गेली.

बावीस वर्षं आणि चार पायऱ्या. भोयरबाबू तिथंच खाली बसले.

भावनानं धावत जाऊन स्पीकर बंद केला आणि फाटकात जप्त करून ठेवला. धर्मेंद्र तिच्याशी हुज्जत घालत असतानाच पांढरी टोपी घातलेला एक लहानखुरा म्हातारा सायकलवरून उतरला. त्यानं मंडळींवरून नजर फिरवली, गॉगल लावलेल्या, पोट सुटलेल्या धर्मेंद्रपाशी आला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. “बाबूसाहेब,” तो म्हणाला, “असेच असान म्हटलं होतं मी तुमी.”

भोयरबाबू पाळीवरून उतरत होते. ते ऐकून त्यांना काय वाटलं ते न सांगितलेलं बरं. “नत्थूजी,” त्यांनी हाक मारली. म्हाताऱ्यानं आवाज ऐकला आणि चटकन वळला. मग त्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. भोयरबाबूंनीही त्याला पाहिलं. फोनवरचा नत्थूजी चांगला उंचापुरा माणूस होता. हा भोयरबाबूंच्या खांद्याला लागत होता.

“तुमी होय का?” नत्थूजी म्हणाला.

“हो. मीच.”

तेवढ्यात इंदूबाईंच्या कानावर आलं की हा बुवा इथलाच, आणि विस्तव कसा लावायचा ते याला कळतं. नत्थूजीला आमराईत नेण्यात आलं. तिथून पुढे चार तास तो वाकून रोडगे उलटवत होता, कुणाला कमी भाजलेला हवा, कुणाला जास्त. ते दोन कामगार त्याच्या हाताखाली मन लावून राबत होते. भोयरबाबू दोनदा जवळ जाऊन उभे राहिले आणि दोन्ही वेळा त्यांच्या हातात वाढायचं भांडं देण्यात आलं.

वंदनाताईंनी मारोतीला पहिला रोडगा ठेवला, तेव्हा त्या बराच वेळ डोळे मिटून उभ्या होत्या. भोयरबाबूंनीही हात जोडले. मिनल यावी असं त्यांनी मनापासून मागितलं. हंसांचं मागायला त्यांना लाज वाटली.

पंगती उठल्यावर साडेतीनला दोघांना एका आंब्याखाली जागा मिळाली. नत्थूजीची टोपी राखेनं भरली होती.

“जेवले का?” नत्थूजीनं विचारलं.

“जेवलो. तुम्ही?”

“जेवलो.”

“तब्येत?”

“बरी हाय. तुमची?”

“बरी.”

फोनवर एवढ्या वेळात नत्थूजीनं अख्खा तलाव सांगून संपवला असता. इथं तो गवताची काडी मोडत बसला होता आणि भोयरबाबू आपल्या बुटांकडे पाहत होते. दोघांनाही एकमेकांची सवय होती ती आवाजाची, तोंडाची नव्हती. “हंस...” भोयरबाबू म्हणाले. “उठले,” नत्थूजी म्हणाला, जणू चूक त्याची होती. मग ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नत्थूजीनं हात जोडले, भोयरबाबूंनी जोडले. वंदनाताईंनी त्याला डब्यात चार रोडगे आणि तूप बांधून दिलं, आणि बस निघाली.

बसमध्ये सगळे तृप्त होते. इंदूबाई म्हणाल्या, असा नवस फिटलेला पाहिला नाही. भोयरबाबूंनी टेकून डोळे मिटले. मंगळवारी संक्रांत, बुधवारी बल्लारशा. पुढच्या हिवाळ्यात हंस येतील ते कोण सांगणार? त्यांना स्वतःचाच राग आला. त्या अर्जावर प्रयोजन लिहायचं होतं, ‘मला जायचं आहे’, एवढंच लिहायचं होतं.

बस मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच्या वळणावर होती. फोन वाजला.

“बाबूसाहेब,” नत्थूजीचा आवाज आला. उंचापुरा, ओळखीचा. “तुमी गेले अन् वातावरन सुनसान झालं. मी पाळीवर बसलो. वापस येऊन राहिले जी. पह्यले सात उतरले. मांगून मोठी ओळ दिसून राहिली. उन्हं कलले ना, पोटाखालून पिवये दिसतात. ऐकता का?”

भोयरबाबू ऐकत होते. दुसरा कान त्यांनी हातानं झाकला होता. मग त्यांनी फोन खाली घेतला आणि उभे राहिले.

“ड्रायव्हरसाहेब, थांबवा. मला उतरायचं आहे.”

बस थांबली. सगळ्या माना वळल्या. “काका, काही राहिलं का?” धर्मेंद्रनं विचारलं, “मी आणतो ना. इथून तीन किलोमीटर मागं हाय.”

“नाही. मलाच जायचं आहे.”

“पण कायले?”

भोयरबाबूंनी तोंड उघडलं. याही वेळी उत्तर तयार नव्हतं, आणि या वेळी त्यांनी ते शोधलं नाही. वंदनाताईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग पिशवीत हात घालून मफलर काढला आणि त्यांच्या हातात दिला.

“कान बांधा. हवा थंडी हाय,” त्या म्हणाल्या. “वापस कसे येसान?”

“येईन.”

“चाल रे बाबा तू,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

साठी उलटलेल्या माणसानं तीन किलोमीटर ज्या वेगानं चालावं त्यापेक्षा भोयरबाबू बरेच जोरात चालले. फाटकाशी भावना उभी होती. तिनं पास मागितला नाही. चार पायऱ्या उरल्या तेव्हा ते थांबले, बूट काढून हातात घेतले आणि पायमोज्यांनी वर चढले.

नत्थूजी पाळीवर उकिडवा बसला होता. त्यानं मागे वळून पाहिलं. मग तो जरा सरकला. भोयरबाबू शेजारी बसले.

पाण्यावर ते होते. शंभर, दोनशे, कोण मोजतो. जवळचे तर इतके जवळ की डोक्यावरचे दोन्ही काळे पट्टे दुर्बिणीशिवाय दिसत होते. आणखी एक ओळ उन्हातून खाली आली, पाय पुढे काढले, आणि पाणी वाजलं. नत्थूजी सांगायचा तसं नाही, त्याहून हळू. भोयरबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. नत्थूजीनं शेजारी पाहिलं, मग तोही पाण्याकडेच पाहू लागला.

बावीस वर्षं ज्यांना एकमेकांशी बोलायला दर वेळी एक आकडा लागला, ती दोन माणसं त्या संध्याकाळी शब्द न बोलता बसली. अंधार पडला, पक्षी दिसेनासे झाले, नुसता त्यांचा आवाज येत राहिला, तरी उठायची गोष्ट कुणी काढली नाही.